न केलेली तपासणी

रविवारी सकाळी फालेसी म्सुसा वॉर्डात शिरली ती घाईतच. दोन ड्रेसिंग बघायची, एका म्हातारबुवांना घरी सोडायचं आणि साडेनवाच्या आत बाहेर पडायचं, एवढंच तिच्या मनात होतं. धाकट्या बहिणीच्या लग्नाची बोलणी आज व्हायची होती. दोन्हीकडचे मामा जमणार होते, आणि आईने तीनदा बजावलं होतं की निदान आज तरी वेळेवर ये.

दारातच नर्स चिसाले आडवी आली. "ताई, ड्रेसिंग राहू द्या. आधी कोपऱ्यातल्या माणसाला बघा. त्याचं पोट बघून मलाच धाप लागली."

कोपऱ्यातल्या खाटेवर चाळिशीचा एक काटक माणूस भिंतीला टेकून बसला होता. त्याला आडवं होववत नव्हतं. हातपाय वाळक्या काटक्यांसारखे आणि पोट मात्र दिवस भरलेल्या बाईसारखं. खाली चटईवर त्याची बायको बसली होती. नेसूच्या छापील कापडावरून, चितेंज्यावरून, दुसरं चितेंजे खांद्याभोवती गुंडाळलेलं, आणि पुढ्यात भांड्यांचं गाठोडं. इथे रुग्णाबरोबर जो येतो तोच त्याचं रांधतो. पण भांडी अजून बांधलेलीच होती.

"नाव काय?"

"बिनवेल कालुवा," बायकोच बोलली. "मी लिझिनेत. काफुंबूच्या चौकात हे सायकलवरून माणसं नेतात. चार दिवस झाले बाई, संडास नाही, वारासुद्धा सरला नाही. कालपासून ओकतायत. न्सिमाचा घास सोडाच, पाणी ठरत नाही पोटात. चौकातल्या लोकांनी कोबीच्या पिकअपमध्ये घालून आणलं."

बिनवेलने डोळे उघडले. "डॉक्टरबाई, ट्यूबमध्ये हवा जास्त झाली की आम्ही वॉल्व दाबतो. तुम्हीपण तेवढंच करा, मी जातो घरी."

"वॉल्वच शोधतेय," फालेसी म्हणाली. ती तशी डॉक्टर नव्हती. क्लिनिकल ऑफिसर होती. पण या डोंगराकडच्या जिल्ह्यात पोट उघडायचं ते तिच्यासारख्यांनीच. गेल्या नऊ वर्षांत तिने सिझर किती केले याचा हिशेब तिने कधी ठेवला नव्हता. लोक तिला डॉक्टरबाईच म्हणत.

तिने पोटावर बोटं आपटली. ढोल वाजावा तसा आवाज आला. उजव्या कुशीत नुसता तळवा टेकला तरी बिनवेल कळवळला. आतड्याला पीळ पडला असेल, तिला वाटलं. या भागात पुरुषांना तो पडतोच. खालून नळी सरकवली की बऱ्याचदा पीळ सुटतो, खाट भिजते, आणि माणूस शिव्या द्यायच्या ऐवजी आशीर्वाद देतो. तिने नळी मागवली, हातमोजा चढवला, आणि नळी घालण्याआधी वाट मोकळी आहे ना हे बघायला बोट आत घातलं.

बोट पुरतं आत गेलं आणि अडलं. टोकाला काहीतरी कडक लागत होतं, फुटक्या मडक्याच्या काठासारखं, खडबडीत. तिने बोट फिरवलं. काठ सगळीकडून होता. मधली वाट इतकी अरुंद की करंगळीही शिरली नसती. बोट बाहेर काढलं तेव्हा मोज्यावर काळपट रक्त होतं.

हा पीळ नव्हता.

तिने मोजा उलटा करून काढला, सावकाश, म्हणजे चेहरा सावरायला वेळ मिळेल. "रक्त कधीपासून जातंय?"

"ते होय? त्याला वर्ष होत आलं," लिझिनेत म्हणाली. "पण ती मूळव्याध आहे. सायकलच्या सीटमुळे. इथेच दाखवलेलं."

"इथे?"

"हो मग. पुस्तकात लिहिलंय सगळं." लिझिनेतने ब्लाउजमधून हेल्थबुक काढलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून गुंडाळलेलं, कोपरे न दुमडलेलं.

फालेसीने पानं उलटली. मलेरिया, मलेरिया, पायाला लागलेलं, खोकला. मग निळ्या शाईतल्या तीन ओळी. शौचातून रक्त, सायकलचालक. मूळव्याध. मलम, पाणी भरपूर पिणे. खाली तारीख, अकरा महिन्यांपूर्वीचा सोमवार, आणि सही. त्या सहीतल्या शेवटच्या अक्षराची शेपटी ती स्वतः शाळेत असल्यापासून तशीच लांब ओढत असे.

तिला तो सोमवार आठवेना. हा माणूसही आठवेना. सोमवारी बाह्यरुग्ण विभागात दीडशे माणसं असतात, दाराबाहेर लेकरं रडत असतात, आणि सायकलवाला येऊन म्हणतो की रक्त जातं. ती कागदावरून मान वर न करता बोलली असणार. बोट घालून बघितल्याचं कुठे लिहिलेलं नव्हतं, कारण घातलं नव्हतं. घातलं असतं तर आज लागला तो काठ तेव्हाही लागला असता. कदाचित लहान असता, एकाच बाजूला असता. पण लागला असता.

नर्स चिसाले सलाईन जोडत होती. लिझिनेत फालेसीकडे बघत होती, आशेने. तिला वाचता येत होतं, पण डॉक्टरी अक्षर कोणाला लागतं? सही कोणाची हे त्या खोलीत एकटी फालेसी जाणत होती. तिने पुस्तक मिटलं आणि खाटेशेजारच्या लोखंडी कपाटावर ठेवलं. मग आईला फोन करून सांगितलं की माझी वाट बघू नका.

*

एक्स-रेत मोठं आतडं ट्रकच्या ट्यूबसारखं फुगलेलं दिसत होतं. तिने राजधानीत, लिलोंग्वेला, सर्जन डॉ. म्पोन्डांना फोन लावला. त्यांच्या हाताखाली ती दोन वर्षं शिकली होती. मागे लेकरांचा गलका ऐकू येत होता. ते जेवणाच्या तयारीत असावेत.

"इकडे पाठव," सगळं ऐकून ते म्हणाले.

"सर, ॲम्ब्युलन्स बाळंतिणीला घेऊन गेलीय. संध्याकाळशिवाय येत नाही. पुढे पाच तासांचा रस्ता. उजव्या बाजूला हात लावू देत नाही तो."

पलीकडचा गलका मागे पडला; ते दुसऱ्या खोलीत गेले असावेत. "मग मोठ्या आतड्याचं सुरुवातीचं टोक फुटायला आलंय. रस्त्यात फुटलं की संपलं. तूच कर, फालेसी. पण नीट ऐक. फक्त वाट काढून द्यायची. आतड्याला पोटावर तोंड करून दे आणि बंद कर. गाठीला हात लावायचा नाही. कळलं?"

"कळलं."

"हातात आली तरी नाही."

तोवर लुफेयो मामा आले होते. बिनवेलच्या आईचे थोरले भाऊ. घरातला शेवटचा शब्द त्यांचा. चर्चचा कोट अंगावर, हातात टोपी. फालेसीने स्टूल ओढलं आणि तिघांनाही सांगितलं. आत गाठ आहे. गाठीने वाट बंद केलीय. आत्ता पोट उघडून आतड्याचं तोंड डाव्या बाजूला बाहेर काढावं लागेल. संडास तिथून होईल.

"पोटातून?" लिझिनेतने विचारलं.

"पोटातून. पिशवीत."

"अन् खालून?"

"खालून नाही."

मामा टोपी फिरवत राहिले. "किती दिवस हे असं?"

खोटं बोलणं सोपं होतं. तीन महिने म्हटलं की माणसं पटकन सही करतात, हे तिने पाहिलं होतं. "कदाचित कायमचं," ती म्हणाली. "गाठ कसली आहे त्यावर आहे. माझ्या मते ती चांगली गाठ नाही."

"कॅन्सर?" मामांनी हळूच विचारलं.

"वाटतंय तसं."

लिझिनेतने खांद्यावरचं चितेंजे तोंडावर ओढून घेतलं. मामा उठले. "बाई, असं लगेच नाही होत. घरात माणसं आहेत, त्याच्या बहिणी आहेत. मी सगळ्यांना बोलावतो. उद्या बसू, बोलू."

"मामा," बिनवेल म्हणाला. डोळे मिटलेलेच होते. "मी चार दिवस थांबलोय. आता तुम्ही थांबा."

"अरे पण पोटाला भोक पाडून..."

"चौकात म्हणतीलच की बिनवेल आता दोन कॅरियर घेऊन फिरतो, एक मागे अन् एक पुढे. म्हणू देत. ही कळ काढा आधी."

लिझिनेत चितेंज्याच्या आडून हसली की रडली, कळलं नाही. बिनवेलने शाईचा अंगठा नको म्हटलं, पेन मागितलं आणि वळणदार सही केली.

तो कागद हातात घेऊन फालेसी शस्त्रक्रियागृहाच्या पायऱ्यांपर्यंत गेली आणि थांबली. सांगायचं असेल तर ते आत्ताच, असं तिला आतून वाटत होतं. आपलं पोट आपण कोणाच्या हाती देतोय हे त्याला कळायला नको? पण कळलं आणि तो म्हणाला की ही बाई नको, तर? दुसरं कोण होतं? दुसरा ऑफिसर लिलोंग्वेला प्रशिक्षणाला गेलेला. मग सांगणं म्हणजे स्वतःचं ओझं उतरवायला त्याच्या जिवाशी खेळणं झालं असतं. हे सगळं खरं होतं. आणि न सांगितल्याने तिला बरंही वाटत होतं, हेही खरं होतं. यातलं कुठलं कारण पहिलं आणि कुठलं मागून आलं, ते तिला पुढेही कधी ठरवता आलं नाही. ती पायऱ्या चढली.

*

भूल द्यायला म्वाले होता. पन्नाशीचा, पोट सुटलेला, शस्त्रक्रियेत गुणगुणायची सवय असलेला माणूस. "पोट भरलेलं आहे म्सुसाबाई, उलटी फुप्फुसात गेली तर आपल्या दोघांचं जेवण गेलं," असं म्हणत त्याने घशात नळी इतक्या सफाईने घातली की बिनवेलची भुवईसुद्धा हलली नाही.

फालेसीने पोट उघडलं. आतडं आपणहून उसळून वर आलं, निळसर, ताणलेलं, चकचकीत. उजव्या टोकाकडे तर बाहेरचं अस्तर दोन जागी उसवलं होतं; आतलं पातळ पापुद्र्यासारखं अस्तर तेवढं शिल्लक. आणखी दोन तास, कदाचित एकच, आणि हे सगळं पोटभर सांडलं असतं.

तिने जाड सुई तिरपी घालून हवा काढली. सूं सूं आवाज आला आणि खोलीभर वास पसरला.

"माझ्या सासरच्या नाल्याची आठवण झाली," म्वाले म्हणाला. नर्स चिसालेने डोळे वटारले, पण हसली.

आतडं सैलावलं. उसवलेल्या जागी फालेसीने बारीक टाके घातले, एकेक, घाई न करता. मग हात वर यकृताकडे नेला. बोटं सगळीकडे फिरवली. गुळगुळीत. कुठे खडा नाही, गुठळी नाही. तिने पुन्हा एकदा फिरवली, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नव्हता.

मग हात खाली ओटीपोटात गेला आणि गाठ लागली. लिंबाहून मोठी. तिने दोन बोटांत धरली. ती किंचित हलली.

हलली, म्हणजे हाडाला चिकटलेली नव्हती. निघेल ही, तिच्या मनाने घेतलं. आत्ता, इथेच. डॉ. म्पोन्डांसोबत ती दोनदा अशा शस्त्रक्रियेत उभी राहिली होती. एकदा तर अर्धी तिनेच केली होती. अकरा महिन्यांपूर्वी जे राहिलं ते आता उपसून काढावं, बादलीत टाकावं, आणि त्या तीन ओळींवर काट मारावी. हात गाठीवरच होता. किती वेळ, कोण जाणे.

म्वालेचं गुणगुणणं थांबलं. "फालेसी," तो म्हणाला. तो तिला नावाने कधी हाक मारत नसे. "रक्तदाब खाली चाललाय. काय करायचंय ते ठरव."

हे मी त्याच्यासाठी करतेय की माझ्यासाठी? तिने स्वतःला विचारलं, आणि उत्तर इतकं चटकन आलं की लाज वाटली. तिने हात काढून घेतला.

बाकीचं काम साधं होतं. डाव्या कुशीत गोल छेद, त्यातून आतड्याचं वेटोळं बाहेर, ते आत घसरू नये म्हणून खालून रबरी नळीचा तुकडा, वर तोंड उघडून कडेने टाके. शेवटचा टाका पडायच्या आत आतड्याने चार दिवसांचं मोकळं करायला सुरुवात केली. चिसालेने चपळाईने स्टीलचं भांडं पुढे केलं. "आलं बाई, आलं," ती म्हणाली, बाळंतपणात म्हणतात तशी.

*

तिसऱ्या दिवशी बिनवेल पातळ पेज प्यायला. चौथ्या दिवशी त्याने पहिल्यांदा मान वाकवून डाव्या कुशीकडे बघितलं. लाल, ओलसर, गुलाबाच्या कळीएवढं काहीतरी. "हे हलतंय," तो म्हणाला. तयार पिशव्या रुग्णालयात नव्हत्या. लिझिनेतने बाजारातून साखरेच्या पातळ पिशव्या आणल्या, चितेंज्याची पट्टी फाडून कंबरपट्टा शिवला, आणि पिशवी कशी धरायची, कशी धुवायची हे एकदा बघून घेतलं. नंतर तिने नर्सना हात लावू दिला नाही.

त्या दुपारी फालेसी म्वालेबरोबर चहा पीत होती. तिने त्याला पुस्तकाबद्दल सांगितलं.

म्वालेने पाव बुडवला. "कशाला सांगतेस त्याला? सांगितल्याने गाठ लहान होणार आहे? आपण सगळ्यांनीच अशी मलमं लिहिलीत. मीसुद्धा, लहान गावात होतो तेव्हा."

"तू किती जणांना बोट न घालता पाठवलंस?"

"मोजले असते तर नोकरी सोडावी लागली असती." तो हसला नाही. "तो तुला देव समजतोय सध्या. तेवढं तरी राहू दे त्याच्यापाशी."

"तेच तर सहन होत नाही," ती म्हणाली.

ती वॉर्डात गेली. बिनवेल खिडकीकडे तोंड करून पडला होता, लिझिनेत त्याच्या पायांना व्हॅसलीन चोळत होती. फालेसीने कपाटावरचं हेल्थबुक घेतलं, ते पान उघडलं आणि त्याच्यापुढे धरलं.

"ही सही माझी आहे," ती म्हणाली. "गेल्या वर्षी तुम्ही आलात तेव्हा मीच होते. मी तपासलं नाही. बोट घातलं असतं तर गाठ तेव्हाच कळली असती. मी न तपासताच मूळव्याध लिहिलं."

लिझिनेतचे हात थांबले.

बिनवेल पानाकडे बघत राहिला. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने रेडिओ बारीक केला.

"मला आठवतंय," तो म्हणाला. "तुम्ही हिरवा स्वेटर घातला होता. रांग दारापर्यंत होती. मी आत येताना देवाला म्हणत होतो, चड्डी काढायला लावू नको. बाई आहे समोर. तुम्ही नुसतं लिहून दिलंत, मी सुटलो. सायकलवर शीळ घालत गेलो." त्याने ओठ ओले केले. "तुम्ही म्हणाला असतात तर मी नाहीच म्हटलं असतं."

फालेसीने पुस्तक खाली घेतलं.

"पण म्हणायला हवं होतं," बिनवेल म्हणाला. "नाही म्हणणं माझं होतं. ते तुम्ही घेऊन टाकलंत."

"हो," ती म्हणाली. "माझं चुकलं."

तेवढ्यात लिझिनेत उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही, उलट इतका खाली गेला की फालेसीला वाकून ऐकावं लागलं. "चार दिवस तू इथे येतेस. मी तुझे हात धरले. घरून कोंबडीची अंडी मागवली मी तुझ्यासाठी. तू खाल्लीस."

"लिझी," बिनवेल म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा. तुम्हाला सगळं चालतं." ती फालेसीकडे वळली. "अकरा महिने मी रात्री यांचे कपडे धुतलेत. रक्ताचे. मी म्हणत होते परत दाखवू, तर हे म्हणायचे पुस्तकात लिहिलंय, मूळव्याध आहे. तुझ्या लिहिण्यापुढे माझं ऐकलं नाही यांनी. जा तू. ड्रेसिंगला दुसरी पाठव."

फालेसी गेली. दुसरी पाठवली.

संध्याकाळी लुफेयो मामा तिला व्हरांड्यात भेटले. टोपी हातातच. "मुली, एवढी वर्षं मी गावात तंटे सोडवतो," ते म्हणाले. "चूक दडवणाऱ्याचं काय करायचं ते मला ठाऊक आहे. आपणहून येऊन सांगणाऱ्याचं काय करायचं, बसून विचार करावा लागेल." ते दोन पावलं गेले आणि परत आले. "कोणा वरिष्ठाकडे जायचं असतं का यात?"

"असतं," ती म्हणाली. "मी पुढच्या बुधवारी बैठकीत सांगणार आहे. तुम्हीही लेखी देऊ शकता. कसं द्यायचं ते मी सांगते."

मामांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "तुझ्याच विरुद्ध तक्रार कशी लिहायची ते तूच सांगणार?"

"इथे दुसऱ्या कोणाला नीट येत नाही."

मामा हसले, मग हसलो म्हणून गोरेमोरे झाले आणि निघून गेले. तक्रार त्यांनी केली नाही. बुधवारच्या बैठकीत तिने सगळं वाचून दाखवलं. अधिकाऱ्यांनी मान हलवली, असं सगळ्यांकडूनच होतं म्हणाले, आणि पुढचा विषय मच्छरदाण्यांचा होता. शिक्षा झाली असती तर तिला सोपं गेलं असतं.

*

दहाव्या दिवशी ॲम्ब्युलन्सने बिनवेलला लिलोंग्वेला नेलं. गाठीचा तुकडा तपासला, कॅन्सरच निघाला. आठ आठवड्यांनी डॉ. म्पोन्डांनी ती काढली. त्यांनी फोन करून सांगितलं, की गाठ पूर्ण निघाली, पण जवळच्या दोन लसिकाग्रंथींत आजार पोहोचला होता. औषधं द्यावी लागतील, आणि पोटावरचं तोंड कायमचं राहील.

"अकरा महिने आधी कळलं असतं तर?" तिने विचारलं.

"नक्की कोणीच सांगू शकणार नाही," ते म्हणाले. "तुला 'हो' ऐकायचंय की 'नाही'?"

तिने आभार मानून फोन ठेवला.

तिने एवढंच केलं: रक्ताची तक्रार घेऊन आलेला एकही माणूस न विचारता सोडला नाही. पडदा लावून घेतला, पुरुष नर्स उभा राहील अशी सोय केली, आणि प्रत्येकाला आधी काय करणार, कशासाठी, हे सांगून मग हो का नाही विचारलं. रांग लांबली. हातमोजे महिनाअखेर संपायचे, तेव्हा भांडारवाल्याशी भांडण व्हायचं. बाजारात तिचं नाव बोटवाली पडलं. एकदा तर चौकातल्या दोन सायकलवाल्यांनी तिची ड्युटी आहे म्हणून दुसरा दिवस धरला, हे तिला चिसालेने पोट धरून हसत सांगितलं. बहुतेकांना मूळव्याधच होती. वर्षभरात तिघांना गाठ लागली. त्यातले दोघे उशिरा आलेले होते, काही करण्यापलीकडे. तिसरी एक शाळामास्तरीण होती; ती पुन्हा शिकवायला लागली.

पुढच्या थंडीत एका गुरुवारी पडदा सरकला आणि लिझिनेत आत आली. मागे एक पन्नाशीची ठेंगणी बाई, पायात रबरी चपला, चेहऱ्यावर नाराजी.

"ही यांची थोरली बहीण, एस्नार्ट," लिझिनेत म्हणाली. ती फालेसीकडे न बघता खिडकीकडे बघत होती. "लिलोंग्वेच्या डॉक्टरांनी सांगितलंय, यांना इतक्या कमी वयात झालं, तर भावाबहिणींनाही तपासून घ्या. दोघं भाऊ तयार नाहीत. हिला ओढून आणलंय. मी तुम्हाला माफ केलं म्हणून आलेले नाही. जवळ दुसरं कोणी तपासत नाही म्हणून आलेय."

"बरं," फालेसी म्हणाली.

"मला काही झालेलं नाही," एस्नार्ट म्हणाली. "माझी जनावरं बांधलेली आहेत. अन् ही बाई बोट घालते असं ऐकलंय."

"घालते. तुम्ही हो म्हणालात तरच." फालेसीने सगळं सांगितलं. एस्नार्टने दोनदा नाही म्हटलं, एकदा लिझिनेतला शिवी दिली, आणि मग म्हणाली, "हिला बाहेर काढा, मग बघा काय ते. भावजयीपुढे मी झोपणार नाही."

तपासणीत काही लागलं नाही. पण बोट पोहोचतं तेवढंच कळतं. पुढचं बघायला दुर्बीण लागते आणि ती लिलोंग्वेलाच होती. फालेसीने चिठ्ठी लिहिली, डॉ. म्पोन्डांना फोन करून तारीख घेतली, आणि बाहेर बाकावर बसलेल्या लिझिनेतला सगळं दोनदा समजावलं. एस्नार्ट तोवर पुढे चालू लागली होती.

"बिनवेल कसे आहेत?" फालेसीने विचारलं.

लिझिनेतने चितेंज्याची गाठ सोडून पुन्हा बांधली. "औषधांनी नखं काळी पडलीत. वजन भरलंय थोडं. सायकल चालवत नाहीत, चौकात झाडाखाली पंक्चर काढतात. दिवसभर बडबड." ती क्षणभर थांबली. "पोटावरच्याला नाव ठेवलंय त्यांनी. मामांचं. मामा चिडतात."

फालेसीला हसू आलं, पण तिने ते दाबलं.

"हसा," लिझिनेत म्हणाली. "मीही हसते. मग घरी जाऊन पुन्हा राग येतो." ती चपला घालून उभी राहिली. "ते विचारतात तुमच्याबद्दल. मला विचारतात, मी काय सांगणार? भेटायचं असेल तर स्वतः या. शुक्रवारी बाजार असतो, तेव्हा ते उशिरापर्यंत चौकातच असतात."

शुक्रवारी फालेसीची ड्युटी होती. ती शनिवारी चौकात गेली.